रक्ततपासणीचे आकडे आणि हृदयाचे आरोग्य : नोंदीकडून नियंत्रणाकडे

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अर्थशास्त्राच्या अध्यापकाने रक्ततपासणी आणि हृदयविकार या विषयावर बोलावे, याचे तुमच्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. मी वैद्यक नाही आणि उपचारांविषयी सल्ला देण्याचा माझा अधिकारही नाही. मात्र आकडे वाचणे हा माझा व्यवसाय आहे. चलनवाढीचा दर, विकासदर, वित्तीय तूट यांचे आकडे कसे वाचावेत, हे मी गेली अनेक वर्षे शिकवत आलो आहे. एका महिन्याच्या चलनवाढीवरून अर्थव्यवस्थेविषयी निष्कर्ष काढू नये. आधारवर्ष पाहावे, मोजणीची पद्धत पाहावी आणि मुख्यतः कल पाहावा, असे मी वर्गात नेहमी सांगतो. स्वतःच्या रक्ताच्या अहवालांना मात्र हा नियम मी कधी लावला नाही. आजच्या व्याख्यानाची प्रेरणा त्या चुकीत आहे.

मी दरवर्षी नियमाने रक्त तपासून घेत असे. उपाशीपोटी असलेल्या साखरेचे माझे सलग सहा वर्षांचे आकडे असे होते : ९१, ९४, ९८, १०२, १०६ आणि ११३ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर. प्रयोगशाळेच्या छापील तक्त्यात ११० ही वरची मर्यादा होती. त्यामुळे पहिल्या पाच अहवालांवर कोणतीही खूण नव्हती. 'सर्व सामान्य आहे' असे मानून मी ते कपाटात ठेवून देत असे. सहाव्या अहवालावर तारांकन आले, तेव्हा डॉक्टरांनी जुने अहवाल मागितले आणि एका कागदावर सहाही आकडे ओळीने लिहिले. ते एवढेच म्हणाले, "हे तुम्हाला पाच वर्षांपासून सांगितले जात होते."

सहा आकडे केवळ योगायोगाने चढत्या क्रमाने येण्याची शक्यता ७२० मध्ये एक इतकी असते. संभाव्यतेचा हा साधा हिशेब मी विद्यार्थ्यांकडून कित्येकदा करून घेतला आहे. तरीही माझ्याच कपाटातील मालिका मला दिसली नाही, कारण ती मालिका म्हणून मी कधी मांडलीच नव्हती.

राष्ट्रीय चित्र

हा प्रश्न एका व्यक्तीपुरता असता, तर तो या व्यासपीठावर मांडण्याचे प्रयोजन नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अन्य संस्थांच्या सहकार्याने २०१७ साली राज्यनिहाय रोगभाराचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार १९९० मध्ये देशातील एकूण मृत्यूंपैकी १५.२ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होत होते. २०१६ मध्ये हे प्रमाण २८.१ टक्क्यांवर गेले. याच काळात सर्व असंसर्गजन्य आजारांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा वाटा ३७.९ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांपर्यंत वाढला. एका पिढीच्या आत देशातील मृत्यूंच्या कारणांची रचनाच बदलली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने याहून गंभीर बाब वयाची आहे. ५२ देशांतील रुग्णांचा अभ्यास करणाऱ्या 'इंटरहार्ट' या प्रकल्पाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील दक्षिण आशियाच्या माहितीचे स्वतंत्र विश्लेषण २००७ साली पुढे आले. या भागातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ वर्षे, तर इतर देशांत ते सुमारे ५९ वर्षे आढळले. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी माणूस कमावता असतो, मुलांचे शिक्षण चालू असते, घराचे कर्ज फिटायचे असते. म्हणजे हा आजार कुटुंबाच्या उत्पन्नावर आणि बचतीवर एकाच वेळी आघात करतो.

याच परिषदेच्या मधुमेहविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, मधुमेहपूर्व अवस्थेचे १५.३ टक्के, उच्च रक्तदाबाचे ३५.५ टक्के आणि रक्तातील मेदद्रव्यांच्या बिघाडाचे ८१.२ टक्के आढळले. शेवटचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. दहापैकी आठ प्रौढांच्या मेदतपासणीत कोणता ना कोणता घटक अयोग्य पातळीवर असेल, तर हा प्रश्न केवळ श्रीमंतांचा किंवा केवळ शहरांचा राहत नाही.

अहवालातील आकडे काय सांगतात?

रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध आज आपण गृहीत धरतो. तो प्रस्थापित होण्यास दीर्घ निरीक्षण लागले. १९४८ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावातील ५,२०९ रहिवाशांची नियतकालिक तपासणी सुरू झाली. या अभ्यासातूनच 'जोखीम घटक' ही संज्ञा १९६१ नंतर वैद्यकात रूढ झाली. त्या अभ्यासाचे सामर्थ्य एका तपासणीत नव्हते. त्याच माणसांची पुन्हा पुन्हा तपासणी करून नोंद ठेवण्यात ते होते. पुढे पेशी रक्तातील कोलेस्टेरॉल कसे शोषून घेतात, याचा उलगडा करणारे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मेदतपासणीच्या अहवालात साधारणतः चार मुख्य आकडे असतात : एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड्स आणि एलडीएल. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे ते रक्तातून प्रथिनांच्या आवरणात वाहून नेले जाते. एलडीएल कणांमधील कोलेस्टेरॉल धमन्यांच्या भिंतीत साठते, म्हणून या आकड्याला सर्वाधिक महत्त्व. एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड्स जास्त, ही जोडी भारतीयांमध्ये विशेष आढळते.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. अनेक प्रयोगशाळांमध्ये एलडीएल प्रत्यक्ष मोजले जात नाही, ते गणिताने काढले जाते. १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेले सूत्र असे : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करावा. समजा एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल ४२ आणि ट्रायग्लिसराइड्स १६५ आहेत. १६५ चा पाचवा भाग ३३. म्हणून एलडीएल १३५. ट्रायग्लिसराइड्स ४०० पेक्षा जास्त असल्यास हे सूत्र लागू पडत नाही. म्हणजे एलडीएल हा येथे राष्ट्रीय उत्पन्नासारखा अनुमानित आकडा आहे. त्याच्या घटकांतील चूक त्यातही उतरते. याउलट एकूण कोलेस्टेरॉलमधून केवळ एचडीएल वजा केले की 'नॉन-एचडीएल' हा आकडा मिळतो. वरील उदाहरणात तो १६८ येतो. त्यासाठी उपाशी राहण्याची गरज नसते आणि वेगळा खर्चही नसतो.

साखरेच्या बाबतीत उपाशीपोटीचा आकडा त्या सकाळची स्थिती सांगतो, तर एचबीए१सी ही तपासणी मागील दोन ते तीन महिन्यांची सरासरी सांगते. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते आणि त्या काळात त्यांतील हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते, हे त्यामागील कारण. ५.७ ते ६.४ टक्के ही मधुमेहपूर्व अवस्था, तर ६.५ टक्के वा अधिक म्हणजे मधुमेह, असे सर्वसाधारण निकष आहेत. मात्र भारतात हा आकडा वाचताना पंडुरोगाचा विचार करावाच लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया पंडुरोगग्रस्त होत्या. लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसू शकते, तर तांबड्या पेशी लवकर नष्ट होणाऱ्या विकारांत ते कमी दिसते. म्हणून हा आकडा हिमोग्लोबिनच्या आकड्याशेजारी ठेवून वाचावा.

'सामान्य' या शब्दाचा अर्थ

अहवालाच्या उजव्या रकान्यात छापलेली संदर्भ-मर्यादा कशी ठरते? बहुतेक घटकांसाठी निरोगी वाटणाऱ्या लोकांचे आकडे घेऊन त्यांतील मधल्या ९५ टक्क्यांचा पट्टा 'सामान्य' मानला जातो. यातून दोन परिणाम संभवतात आणि ते परस्परविरुद्ध दिशांचे आहेत.

पहिला परिणाम असा की, पूर्णपणे निरोगी माणसाच्याही प्रत्येक तपासणीत पट्ट्याबाहेर जाण्याची शक्यता ५ टक्के असते. परस्परांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर किमान एक आकडा पट्ट्याबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. सवलतीच्या दरात साठ-सत्तर तपासण्यांचे 'पॅकेज' घेणाऱ्याच्या हाती एखादे तारांकन हमखास येते. त्यातून चिंता, पुन्हा तपासणी आणि खर्च असे चक्र सुरू होते. अधिक माहिती म्हणजे अधिक ज्ञान नव्हे.

दुसरा परिणाम याहून गंभीर. ज्या समाजात मेदद्रव्यांचा बिघाडच सर्वत्र आहे, तेथे बहुसंख्यांसारखे असणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. म्हणून मेदद्रव्यांसाठी सरासरीवर आधारलेला पट्टा न वापरता जोखमीनुसार उद्दिष्ट ठरवले जाते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली याविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार सर्वसाधारण व कमी जोखमीच्या व्यक्तीचे एलडीएल १०० पेक्षा कमी, मधुमेह वा उच्च रक्तदाब यांसारख्या कारणांनी अधिक जोखीम असलेल्याचे ७० पेक्षा कमी आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यासारख्या अत्यधिक जोखमीच्या रुग्णाचे ५५ पेक्षा कमी असावे. समजा तीन व्यक्तींचे एलडीएल ९५ आहे. आकडा एकच, परंतु पहिल्यासाठी तो समाधानकारक, दुसऱ्यासाठी अपुरा आणि तिसऱ्यासाठी धोक्याचा आहे. छापील तक्त्याला त्या तीन व्यक्तींमधील फरक ठाऊक नसतो. तो डॉक्टरांना सांगावा लागतो.

याच तत्त्वांमध्ये लायपोप्रोटीन (ए) हा घटक आयुष्यात किमान एकदा तपासावा, अशी शिफारस आहे. तो मुख्यतः आनुवंशिक असतो आणि आहार-व्यायामाने फारसा बदलत नाही. म्हणूनच तो वारंवार मोजण्याची आवश्यकता नसते. कोणता आकडा एकदाच पाहायचा आणि कोणत्याचा मागोवा घ्यायचा, हे ओळखणे हीदेखील काटकसर आहे.

बदल खरा की भासमान?

मागोवा घेताना संख्याशास्त्राचे एक पथ्य पाळावे लागते. एकाच निरोगी व्यक्तीचे एकूण कोलेस्टेरॉल दिवसागणिक सुमारे सहा टक्क्यांनी वर-खाली होते. ट्रायग्लिसराइड्समध्ये हा चढउतार सुमारे वीस टक्के असतो. यंत्र आणि पद्धत यांमुळे येणारा फरक त्याहून वेगळा. म्हणून कोलेस्टेरॉल २०० वरून २१२ झाले, तर घाबरण्याचे आणि २१२ वरून २०० झाले, तर आनंदित होण्याचे तेवढ्यावरून कारण नाही. ढोबळमानाने दोन अहवालांमधील फरक पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत असेल, तर तो केवळ नैसर्गिक चढउतारही असू शकतो. मात्र सलग चार-पाच वेळा एकाच दिशेने होणारा लहान बदल दुर्लक्षून चालणार नाही. माझ्या सहा आकड्यांतील प्रत्येक पाऊल क्षुल्लक होते. त्यांची दिशा क्षुल्लक नव्हती.

या दृष्टीने काही नियम उपयुक्त ठरतात. शक्यतो एकच प्रयोगशाळा आणि एकच पद्धत ठेवावी. राष्ट्रीय प्रमाणन मंडळाची, म्हणजे एनएबीएलची मान्यता आहे किंवा नाही, हे पाहावे. ताप वा मोठा आजार नुकताच होऊन गेला असेल, तर कोलेस्टेरॉल तात्पुरते खाली येते, तर गरोदरपणात ते वाढते. अशा वेळचे आकडे कलात धरू नयेत. औषध सुरू झाल्यावर वा बदलल्यावर मेदतपासणी साधारण चार ते बारा आठवड्यांनी होते. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा पाहण्यात सहसा अर्थ नसतो. आखाती वा युरोपीय देशांतून आलेला अहवाल मिलिमोल प्रति लीटर या एककात असू शकतो. तसा असल्यास कोलेस्टेरॉलसाठी त्याला ३८.७ ने आणि साखरेसाठी १८ ने गुणले की आपल्याकडील आकडा मिळतो. एकक न पाहता तुलना करणे म्हणजे डॉलर आणि रुपये यांची बेरीज करण्यासारखे आहे.

आणखी एक मर्यादा. रक्ताचा अहवाल हा हृदयाच्या आरोग्याचा संपूर्ण ताळेबंद नाही. रक्तदाब, तंबाखू, कमरेचा घेर आणि कुटुंबाचा इतिहास यांची नोंद त्यात नसते. ती शेजारी लिहिल्याशिवाय अहवालाला अर्थ प्राप्त होत नाही.

तपासणी आणि नियंत्रण यांतील दरी

आता धोरणाकडे वळू. सार्वजनिक आरोग्यात 'अर्ध्यांचा नियम' सांगितला जातो. रुग्णांपैकी निम्म्यांनाच आजाराची जाणीव असते, त्यांतील निम्म्यांवर उपचार होतात आणि त्यांतील निम्म्यांचाच आजार आटोक्यात राहतो. म्हणजे आठांतील एकाला प्रत्यक्ष लाभ होतो. हा नियम ढोबळ आहे, परंतु गळती कोठे होते, हे तो स्पष्ट करतो. तपासणी हा खर्च आहे. त्याचे गुंतवणुकीत रूपांतर पाठपुराव्याने होते.

केंद्र शासनाने २०१० साली कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २०२३ साली त्याचे नामकरण राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम असे झाले. तीस वर्षांवरील नागरिकांची रक्तदाब, मधुमेह आणि तीन प्रकारच्या कर्करोगांसाठी प्राथमिक स्तरावर तपासणी होते. या पहिल्या पायरीत कोलेस्टेरॉलचा समावेश नाही, हे नमूद करावे लागेल. २०१५ साली सुरू झालेल्या मोफत निदान सेवेत उपकेंद्रासाठी १४, प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ६३ आणि जिल्हा रुग्णालयासाठी १३४ तपासण्यांची यादी निश्चित करण्यात आली आहे. यादीतील तपासणी प्रत्यक्ष केंद्रावर होते किंवा नाही, हा अंमलबजावणीचा प्रश्न आहे.

खर्चाची बाजूही पाहू. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील नागरिकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. परंतु २०१८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे पाच लाख रुपयांचे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांसाठी आहे. झटका आल्यावर संरक्षण मिळते. झटका टाळणारी नियमित तपासणी आणि रोजची गोळी यांचा भार मात्र प्राथमिक आरोग्य केंद्राने तरी उचलायचा किंवा कुटुंबाने. जेथे केंद्र कमकुवत असते, तेथे गरीब कुटुंब आधी गोळी बंद करते, कारण गोळी बंद केल्याचा परिणाम त्या महिन्यात दिसत नाही.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २०१७ मध्ये पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र या पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत सुरू झालेला भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम अभ्यासण्यासारखा आहे. त्यात महागडे तंत्रज्ञान नव्हते. साधी ठरावीक उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ही त्याची त्रिसूत्री होती. किती जण तपासले, याबरोबरच नोंदलेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आहे, हा प्रश्न प्रत्येक केंद्राला विचारला गेला. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. साखर आणि मेदद्रव्ये यांनाही हेच तत्त्व लागू करता येण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानातील चौदा अंकी आरोग्य खात्यामुळे विखुरलेले अहवाल एकत्र ठेवण्याची सोय झाली आहे. मात्र सोय म्हणजे वापर नव्हे, आणि आरोग्याची माहिती खासगी असल्याने तिच्या सुरक्षिततेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने असंसर्गजन्य आजारांमुळे होणारे अकाली मृत्यू २०२५ पर्यंत २५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. शाश्वत विकासाचे ३.४ क्रमांकाचे लक्ष्य २०३० पर्यंत ते एक-तृतीयांशाने कमी करण्याचे आहे. परीक्षेत ही लक्ष्ये तुम्ही लिहालच. त्यासोबत हेही लिहा की, अशी लक्ष्ये केवळ तपासणी शिबिरांच्या संख्येने गाठता येत नाहीत.

समारोप

तुमच्यापैकी बहुतेक जण वीस ते तीस वयोगटातील आहेत. दिवसाचे दहा-बारा तास बसून अभ्यास, अवेळी जेवण, रात्री उशिरापर्यंत चहा आणि तळलेले पदार्थ, असे तुमचे जीवन आहे. हृदयविकार हा वडीलधाऱ्यांचा आजार आहे, असे या वयात वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मी उल्लेखिलेल्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पहिली मेदतपासणी वयाच्या अठराव्या वर्षी, आणि कुटुंबात तरुण वयात हृदयविकाराचा इतिहास असल्यास त्याआधीच, करण्याची शिफारस केली आहे. धमन्यांतील साठा एका दिवसात होत नाही; चक्रवाढ व्याजाप्रमाणे तो वर्षानुवर्षे वाढतो. आरंभ जितका लवकर, तितके परतफेडीचे ओझे हलके.

माझी तुम्हाला एक विनंती आहे. सुटीत घरी जाल, तेव्हा आई-वडिलांचे जुने अहवाल शोधा. एका वहीत तारीख, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, एलडीएल, नॉन-एचडीएल, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, रक्तदाब आणि चालू औषधे असे रकाने आखा. जुने आकडे त्यात क्रमाने भरा. आकडे पाहून स्वतः निदान करू नका, औषध सुरू करू नका आणि डॉक्टरांना न विचारता चालू असलेले बंदही करू नका. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पाच मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना पाच वर्षे एका पानावर दिसतील.

माझ्यापुरते सांगायचे, तर सहाव्या अहवालानंतर माझे एचबीए१सी ६.२ आले. रोजचे चालणे, जेवणातील भाताचे प्रमाण आणि रात्रीच्या जेवणाची वेळ यांत बदल केल्यावर वर्षभराने ते ५.९ झाले. हा विजय नव्हे. मी अद्याप त्याच पट्ट्यात आहे आणि हा फरक खरा की भासमान, हे पुढचे दोन-तीन अहवाल ठरवतील. पण आता ते कपाटात जाणार नाहीत, वहीत जातील.

उद्या तुमच्यापैकी काही जण जिल्ह्याच्या प्रशासनात असतील. आरोग्य विभागाच्या आढावा बैठकीत 'या महिन्यात इतक्या हजार तपासण्या झाल्या' असा अहवाल तुमच्यासमोर येईल. तेव्हा त्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी एवढेच विचारा : मागील वर्षी ज्यांचे आकडे वाढलेले आढळले, त्यांचे आज काय आहे?